रुमालाखालचा हात

दसरा उलटला की माझा उजवा हात आपोआप ओढणीखाली जातो. मला कळतही नाही. परवा आरेच्या रस्त्याने बसमधून येत होते, खिडकीपाशी जागा मिळाली होती, आणि वाळत चाललेल्या गवताचा वास आला. त्या वासात थोडं शेण असतं, थोडा भिजवलेला कोंडा असतो आणि खूप सारं ऊन असतं. शेजारच्या बाईंनी विचारलं, थंडी वाजतेय का तुम्हाला? ऑक्टोबरच्या उन्हात, सगळ्या बसला घामाच्या धारा लागलेल्या असताना. मी खाली बघितलं तर हात ओढणीत गुंडाळलेला, मूठ आवळलेली आणि तळवा गार पडलेला. मी हसले आणि सवय आहे म्हटलं. कसली सवय ते त्यांना काय सांगणार? ती भीतीची सवय आहे, आणि भीतीला तिचा म्हणून एक ऋतू असतो हे मला जनावरं विकायला शिकले त्या वर्षी कळलं.

मुंबईत ऑक्टोबरची वाट कुणी बघत नाही. पावसाचं कौतुक होतं, थंडीचे चार दिवस आले तर त्यांचंही होतं, पण मधलं हे ऊन म्हणजे नको असलेला पाहुणा. मला तरी तो आवडतो असं कुठे म्हणता येईल? पण तो आला की ओळखीचं माणूस दारात उभं राहिल्यासारखं वाटतं. असं माणूस, ज्याला बघून दार लावून घ्यावंसं वाटतं आणि तरी आधी पाणी विचारावंसं वाटतं.

त्याआधी मी फ्लॅट विकायचे. घाटकोपरला एका बिल्डरच्या साइट ऑफिसात बसून लोकांना न बांधलेल्या इमारतीच्या न झालेल्या बाल्कनीतून न उगवलेली बाग दाखवायचे. बोलण्यात मी कुणाला हार जायची नाही. समोरच्याने तोंड उघडायच्या आत भाव सांगून मोकळी व्हायचे. मग ते काम रखडलं, ऑफिसला कुलूप लागलं आणि मी विक्रोळीला घरी येऊन बसले. कुणीतरी सांगितलं, मुलुंडला एक कोर्स निघालाय. नाव लांबलचक होतं, ग्रामीण मालमत्ता व पशुधन विक्री प्रतिनिधी प्रशिक्षण. गावाकडच्या जमिनी आणि जनावरं मोबाइलवरून विकणाऱ्या कंपन्या आता निघाल्या आहेत. त्यांना मराठी बोलणारी, बाजारात जाऊन उभी राहणारी माणसं हवी होती. दिवाळीच्या आधी परीक्षा, आणि परीक्षेत पास होणाऱ्याला नोकरी. आम्ही शिकणारे त्याला जमीन-जनावर कोर्स म्हणायचो.

वर्ग भरायचा मुलुंडच्या एका औद्योगिक वसाहतीत. खाली बाटल्यांची झाकणं बनवणारा गाळा आणि वर आमची खोली. खालचं मशीन सुरू झालं की फळा थरथरायचा आणि गरम प्लास्टिकचा वास जिन्यावरून वर यायचा. तिथे आम्ही गाईचे दात आणि शेताचे बांध शिकायचो. माझ्या शेजारी संदेश बसायचा. मूळचा मालवणकडचा, आजोबा गिरणीत, वडील बसवर, आणि हा कुरिअरच्या धावपळीला कंटाळून आलेला. त्याला कशाचीच भीती वाटत नसे, निदान तो तसं म्हणायचा. मला मात्र पहिल्या दिवसापासून भीती वाटत होती आणि ती एका गोष्टीची नव्हती.

जमिनीचे तास एक वकीलबाई घ्यायच्या. त्या म्हणाल्या, जमीन बघायला गेलात की मालकाशी नंतर बोला, आधी शेजारच्या बांधावरच्या माणसाशी बोला. पाणी किती टिकतं, वाट कुणाच्या शेतातून जाते, भांडण कुणाचं आहे, हे तोच सांगेल. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी मात्र त्या बांधावर मनातल्या मनात जाऊन उभी राहिले आणि तो माणूस मला पहिल्यांदा काय विचारेल ते ऐकलं. गाव कुठलं? कुणाच्या घरातली? गावाकडे याच्याशिवाय बोलणं सुरूच होत नाही. यात वाईट काही नाही असं लोक म्हणतात. असेलही. ज्याचं जळतं त्याला कळतं.

आमचं गाव जालन्याकडचं, आणि तिकडे आमचं आडनाव सांगितलं की आम्ही कोण ते पुढे सांगावं लागत नाही. माझ्या खापरपणजोबांपासून गावातली मेलेली ढोरं ओढून नेणं हे आमच्या घराकडे लावून दिलेलं काम होतं. माझ्या आजोबांनी दीक्षा घेतली आणि त्या दिवसापासून ते काम सोडलं. पुढे पप्पा अठरा-एकोणीस वर्षांचे असताना मुंबईला आले, विक्रोळीच्या एका कारखान्यात लागले आणि तिथेच निवृत्त झाले. ढोर हा शब्दसुद्धा आमच्या घरात कुणी उच्चारत नसे. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. पप्पांना मी सांगितलं होतं, मालमत्तेचा कोर्स आहे. कोर्सच्या नावातला पुढचा शब्द त्यांच्यापुढे उच्चारायची माझी छाती झाली नव्हती.

जनावरांचे तास दगडूमामांचे. सांगोल्याकडचे, आयुष्यभर बैलबाजार फिरलेले. जनावरांची खरेदी-विक्री करणाऱ्याला तिकडे हेडी म्हणतात, तसे ते नावाजलेले हेडी. गुडघे गेले म्हणून लेकाकडे भांडुपला येऊन राहिले होते आणि घरात बसवत नव्हतं म्हणून शिकवायला यायचे. आवाज असा की खालच्या मशीनचा ठोका ऐकू यायचा नाही. फळ्याकडे ते बघायचेही नाहीत. म्हशीशेजारी उभं राहिल्याशिवाय म्हैस कळत नाही, असं म्हणून त्यांनी आम्हाला दुसऱ्याच आठवड्यात आरेच्या एका तबेल्यात नेलं.

मी जन्मात कधी म्हशीच्या इतक्या जवळ गेले नव्हते. दूध पिशवीतून येतं एवढंच मला ठाऊक. पावसाळाभर वाढलेलं गवत तबेल्याच्या मागे पुरुषभर उंच उभं होतं आणि पिवळं पडत चाललं होतं. तिथल्या माणसांनी सहज सांगितलं, संध्याकाळी त्या बाजूला जाऊ नका, बिबट्या फिरतो. पाऊस पडेल छत्री घ्या म्हणावं तसं सांगितलं. संदेश खूश झाला. मला तर बिबट्याचं काही वाटलंच नाही, कारण समोर म्हशी होत्या. ओळीने उभ्या, काळ्या, गरम, त्यांच्या नाकातून येणारा श्वास हातावर जाणवत होता. एकीने मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि माझी पाचावर धारण बसली.

जनावराचं वय त्याच्या दातांवरून कळतं. दोन दाती, चार दाती, सहा दाती, आणि सगळे दात आले की ते जुळलं म्हणतात. बघायचं तर तोंड उघडायला हवं. जबड्याच्या कडेला एक जागा असते जिथे दात नसतात. तिथून बोटं आत घालायची, जीभ धरून बाजूला ओढायची आणि मोजायचं. मामांनी हे इतक्या सहज करून दाखवलं की म्हशीलाही ते कळलं नसावं. माझी पाळी आली. मी हात पुढे करायची आणि मागे घ्यायची. संदेश मागून म्हणाला, "अगो, वरच्या जबड्याक पुढचे दातच नसतत तिका. चावतली खंयसून?" सगळे हसले. मीही हसले, आणि हसता हसता डोळे मिटून हात घातला. आत गरम होतं, ओलं होतं आणि जीभ खरखरीत होती. ती माझ्या मनगटाला गुंडाळली गेली तेव्हा मी श्वास घ्यायची विसरले. हात बाहेर काढला तो शाबूत होता. मामा म्हणाले, सांग किती दाती. मी दात बघितलेच नव्हते, म्हणून परत हात घालावा लागला.

म्हशीची भीती अशी गेली. पूर्ण नाही गेली, पण तिच्याशी बोलणं सुरू झालं म्हणा. पुढे मी कास बघायला शिकले. बाजाराच्या आदल्या वेळेला दूध न काढता कास मुद्दाम तुंबवून ठेवतात आणि गिऱ्हाइकाला ती भरदार दिसते, ते हात लावून ओळखायला शिकले. जनावर लबाडी करत नाही, जे असेल ते अंगावर घेऊन उभं राहतं. त्यामुळे त्याची भीती हात लावल्यावर कमी होते. माणसाच्या भीतीचं उलट आहे. तिथे हात लावायचीच तर भीती असते.

आणि हाताचा धडा अजून व्हायचा होता. जनावरांच्या बाजारात भाव तोंडाने ठरत नाही, रुमालाखाली ठरतो. विकणारा आणि घेणारा समोरासमोर उभे राहतात, दोघांच्या उजव्या हातांवर एक मोठा रुमाल नाहीतर उपरणं टाकलेलं असतं आणि खाली बोटं बोलतात. अमुक बोट धरलं की अमुक आकडा, पेरं दाबलं की अर्धा, तळव्यावर अंगठा घासला की नाही जमत. दर बाजाराची रीत थोडी वेगळी. भोवती शंभर माणसं उभी असली तरी सौदा त्या दोघांतच राहतो. मामांनी हे सांगितलं तेव्हा मला फार छान वाटलं होतं. फ्लॅटच्या धंद्यात भाव भिंतीवर लावलेला असतो. इथे तो कापडाखाली झाकून ठेवतात, म्हणजे त्याची काही लाज राखतात.

मग मामांनी एकेकाला बोलावलं. खांद्यावरचा रुमाल काढला, संदेशच्या हातावर टाकला, खाली त्याची बोटं धरून शिकवलं. दुसऱ्याला, तिसऱ्याला तसंच. वर्गात मी एकटीच बाई. माझी पाळी आली तेव्हा मी हात पुढे केला. मामांनी रुमाल खांद्यावर टाकला, आपल्याच डाव्या हाताने आपल्या उजव्या हाताची बोटं धरून दाखवली आणि म्हणाले, असं. कळलं का? मी म्हटलं, कळलं. माझा हात तसाच पुढे राहिला होता. तो मी हळूच मागे घेतला आणि ओढणीखाली लपवला.

त्या दिवसापासून ती सवय लागली असावी.

संदेशने जिन्यावर समजूत काढली. "बाईमाणसाचो हात कसो धरतले गो ते? जुन्या वळणाचे आसत. तू उगाच टेन्शन घेतंस, यार." असेलही तसं. म्हातारा माणूस, लेकीच्या वयाच्या बाईचा हात चारचौघांत धरायला संकोचला असेल. पण पहिल्याच दिवशी हजेरीच्या वेळी त्यांनी मला गाव विचारलं होतं, आडनाव विचारलं होतं, आणि मी सांगितलं होतं. यातलं कुठलं कारण खरं? ते विचारायचं तर कसं विचारायचं? समोरच्याने शिवी दिली तर उत्तर देता येतं. हात धरला नाही तर काय बोलणार? भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. मी स्वतःला तसं म्हणून बघितलं, पण ब्रह्मराक्षस खरंच मागे नाही हे बघायला वळावं लागतं आणि तेवढं बळ माझ्यात नव्हतं.

परीक्षा कशी होणार तेही कळलं. घाटावरून अजून बाजार करणारे एक हेडी येणार, आम्ही म्हैस विकायची, त्यांनी घ्यायची, आणि सौदा रुमालाखाली करायचा. रुमाल त्यांचा, हात त्यांचा. माझ्या डोळ्यांपुढे एकच चित्र यायचं. मी हात पुढे केलाय, ते गाव विचारतायत, आडनाव विचारतायत आणि रुमाल उचलून खांद्यावर टाकतायत. नोकरी जाईल ही भीती होतीच, घरात पप्पांच्या पेन्शनवर किती दिवस बसणार? पण त्याहून मोठी भीती त्या उघड्या पडलेल्या हाताची होती. बसमध्ये, स्वयंपाक करताना, कपडे वाळत घालताना ते चित्र यायचं.

घाबरलेल्या माणसाकडून चूक होते ती नेमकी नको तिथे. आरेच्या तबेल्यात सराव चालला होता, मी आणि संदेश समोरासमोर, वर रुमाल, भोवती सगळे. संदेशने कुठलंसं बोट दाबलं आणि ते कुठलं ते मला कळेना. मामा बघत होते. मला वाटलं आता मी नापास. आणि माझ्यातली ती फ्लॅट विकणारी जागी झाली. मी भाव मोठ्याने बोलून टाकला.

वैरण घालणारा माणूससुद्धा थांबला. मामांचा आवाज चढेल असं वाटलं होतं, तो उलट खाली गेला. "भाव तोंडानं बोलू नये, पोरी. चारचौघांत फोडलास. आता ह्या म्हशीला दुसरं गिऱ्हाईक त्याच्यावर चढायचं न्हाई. आन् समोरच्याची अब्रू गेली ती येगळीच." एवढं बोलून ते बाहेर जाऊन बसले. मला रडू आलं, पण म्हशींच्या समोर रडायची लाज वाटली.

घरी आले तेव्हा पप्पा गॅलरीत बसले होते. आमच्या गॅलरीतून खाडीकडची खारफुटी दिसते आणि दुपार कलली की चिखलाचा वास येतो. मी रोज आल्या आल्या न्हाणीघरात शिरायचे. त्या दिवशी विसरले. चहाचा कप त्यांच्या हातात दिला आणि त्यांनी मान वर केली.

"कशाचा वास यायलाय गं अंगाला?"

मी दोन पावलं मागे सरकले.

"ढोराचाय हा," ते म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं. "मपल्या बापानं जे सोडलं ते तू धरायलीस," एवढंच म्हणाले, आणि तेही खाडीकडे बघत.

मी म्हटलं, तसली नाहीत पप्पा, जिवंत. जिवंत जनावरं विकायची. हे बोलताना मला माझाच आवाज लहान मुलीसारखा वाटला. मग मी सगळंच सांगून टाकलं. म्हशीचं तोंड, मामा, रुमाल, मामांनी आपलीच बोटं धरून दाखवली ते, आणि आज मी भाव तोंडाने बोलले आणि मामा काय म्हणाले ते. पप्पा ऐकत होते. शेवटचं ऐकलं आणि त्यांनी कप खाली ठेवला.

त्यांनी जे सांगितलं ते त्याआधी मला कधी सांगितलं नव्हतं, आईलाही सांगितलं असेल असं वाटत नाही. मेलेली ढोरं ओढायचं सोडल्यावर आजोबा विहिरी खणायच्या कामाला जायचे. त्यांच्या मनात एकच होतं, आपल्या दारात एक जिवंत कालवड बांधायची. बाजारात फसू नये म्हणून कुणाकुणाकडून विचारून ते बोटांचा भाव शिकले. घरात सरावाला दुसरं कोण? पप्पा तेव्हा दहाएक वर्षांचे. दुपारच्या वेळी आजोबा दोघांच्या हातांवर गोधडीचं टोक ओढायचे आणि खाली बापलेक सौदा करायचे. आजोबांनी अंबाडीचं दावं वळलं. बाजाराच्या दिवशी नवं दावं खांद्यावर टाकून, धुतलेला पटका बांधून ते निघाले, आणि पप्पा बरोबर.

कालवड पसंत पडली. हेडीने उपरणं टाकलं. आजोबांनी खाली हात घातला. हेडीने गाव विचारलं, मग घर विचारलं. आजोबांनी सांगितलं. हेडीने उपरणं उचललं, खांद्यावर टाकलं आणि भाव मोठ्याने बोलला. सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असा.

"बाकीच्यांचा भाव झाकून," पप्पा म्हणाले. "आमचा ओरडून." मग म्हणाले, "मला बापाचं तोंड आठवत नाही त्या वक्ताचं. हात आठवतो. तसाच पुढं, बोटं उघडी."

आजोबा परत फिरले. ते दावं घरात दोन भिंतींना बांधून त्यावर कपडे वाळत घालू लागले. तुटेपर्यंत ते तिथेच होतं.

मला वाटलं आता पप्पा म्हणतील, जाऊ नकोस परीक्षेला. खरं सांगायचं तर मला तेच हवं होतं. माझ्या डोळ्यांपुढचं चित्र मी कल्पनेने रंगवलेलं नव्हतं, ते एकदा घडून गेलेलं होतं, आणि आता ते परत घडणार असं मला वाटू लागलं होतं. पप्पांनी आत बघितलं.

"टॉवेल आण," ते म्हणाले.

त्यांचा हात टॉवेलखाली आला तो खरबरीत आणि उबदार होता. मशीनवर त्यांच्या मधल्या बोटाचं टोक गेलं होतं, त्यामुळे ते बोट धरलं की आकडा हमखास चुकायचा. मी म्हटलं, तुमच्याशी सौदा केला तर नेहमी थोडं कमीच भरणार. तेव्हा ते हसले, त्या संध्याकाळी पहिल्यांदा. इतक्या वर्षांत कधी न वापरलेली ती बोली त्यांच्या बोटांत जशीच्या तशी होती. मी घाबरले की घाई करते हे त्यांना दोन सौद्यांत कळलं. मग त्यांनी माझं बोट नुसतं धरून ठेवलं, दाबलं नाही, सोडलं नाही, मी शांत होईपर्यंत. परीक्षेपर्यंत रोज आम्ही बसत होतो. इमारतीत आकाशकंदील लागायला लागले होते, खालून फराळाचे वास येत होते आणि आमच्या घरात बापलेक टॉवेलखाली म्हशी विकत होते.

आता मी बाजारांत जाते. कितीतरी हात माझ्या हातात येऊन गेले आहेत, शेतकऱ्यांचे, हेड्यांचे, एकदा एका आजीचाही. काही जण गाव विचारतात, काही नाही विचारत. तो प्रश्न आला की आजही माझा तळवा गार पडतो. लोक म्हणतात, आता पूर्वीचं काही राहिलं नाही. मी त्यांना खोटं ठरवत नाही. फक्त त्या क्षणी मी त्यांच्या तोंडाकडे बघत नाही, रुमालाकडे बघते, तो हलतोय का ते.

तर तो परीक्षेचा दिवस. आरेत सकाळीच ऊन तापलं होतं. घाटावरून आलेले हेडी धोतर नेसलेले, रुंद, खांद्यावर मोठा रुमाल, चेहऱ्यावर काही नाही. संदेशचा सौदा चटकन झाला. परत येताना त्याने माझ्याकडे बघून डोळा मिचकावला. माझी पाळी आली. मी म्हशीचं तोंड उघडून दात दाखवले, कासेला हात लावून दाखवला, फिरवून दाखवलं. माझा आवाज नीट येत होता याचं मलाच आश्चर्य वाटलं. मग त्यांनी रुमाल सोडला. मी जीव मुठीत धरून हात पुढे केला. रुमाल आमच्या हातांवर पडला आणि खाली त्यांनी माझं बोट धरलं. दगडूमामा कुडाला टेकून उभे होते.

"गाव कुठलं म्हणायचं?" हेडींनी विचारलं.

"जालन्याकडचं."

"कुणाच्या घरातली?"

मी आडनाव सांगितलं. हळू नाही सांगितलं, भीतीमुळे जरा मोठ्यानेच निघालं. आणि त्यांनी माझं बोट सोडलं.

रुमालाखाली माझा हात एकटा राहिला. त्यांचा हात बाहेर गेला होता. माझे कान बंद झाले. म्हशी, माणसं, मामा, काही ऐकू येईना. मला फक्त ती उघडी बोटं दिसत होती, माझी नव्हेत, आजोबांची. हात मागे घ्यावा, ओढणीखाली न्यावा, पळावं, असं सगळं एकदम वाटलं. पण पप्पांनी बोट कसं धरून ठेवलं होतं ते माझ्या हाताला आठवत होतं. मी हात तिथेच ठेवला. रुमाल माझ्या मनगटावर होता, तो अजून कुणी उचलला नव्हता.

हेडींनी तळवा धोतराला पुसला, एकदा, दोनदा. मग हात परत रुमालाखाली घातला आणि माझं बोट धरलं.

पुढचं सगळं बोटांनी झालं. त्यांनी दाबलं, मी अंगठा घासला. त्यांनी आणखी चढवलं, मी थांबले, घाई केली नाही. शेवटी त्यांनी माझी सगळी बोटं मिळून धरली, म्हणजे सौदा झाला. मी तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं. रुमाल उचलताना ते म्हणाले, ऊन लई आहे तुमच्या मुंबईत. दगडूमामांनी मान हलवली आणि पुढच्याचं नाव पुकारलं. त्यांनी माझा हात का धरला नव्हता ते मला आजवर कळलेलं नाही.

घरी आले तेव्हा पप्पा दार उघडं टाकून गॅलरीत उभेच होते. पास झालीस का ते त्यांनी विचारलंच नाही.

"हात धरला?"

"धरला."

"मधी सोडला नाही?"

खोटं बोलता आलं असतं. "सोडला एकदा. घाम पुसायला. मग परत घातला."

पप्पा माझ्याकडे बघत राहिले. "घामच होता का?"

"माहीत नाही, पप्पा. पण परत घातला."

त्यांनी कठड्याला धरलं. शेजारच्या काकू बाहेर कंदील बांधत होत्या, पलीकडच्या घराचं दार उघडं होतं, कुणाकुणाचं येणं-जाणं चालू होतं. पप्पांनी घसा साफ केला आणि विचारलं, "काय भाव झाला?"

मी सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. दोरीवर वाळत घातलेला टॉवेल ओढला, आमच्या दोघांच्या हातांवर टाकला आणि खाली त्यांची बोटं शोधून धरली.